माझ्या गाण्यात भाव आला तो दिवस

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐका. तशा माझ्या फजित्या अकोल्याच्या जुन्या शहरात पुष्कळ जणांना तोंडपाठ आहेत. पण ही मी स्वतः सांगितली नाही तर लोक तिच्यात पदरच्या चार गोष्टी घालून सांगतात. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

तुम्हाला माहीतच आहे, आमचं फुलांचं दुकान. मी, आमचे हे, म्हणजे मधुकरराव, आणि मुलगी प्रीती. पहाटे मंडईतून फुलं आणायची आणि दिवसभर हार, गजरे, वेण्या करत बसायचं. संध्याकाळी मी भजनी मंडळात. मंडळातल्या बायका म्हणायच्या, सुनंदाचा गळा म्हणजे काय विचारता. दहा वर्षं एकच गोष्ट ऐकल्यावर माणसाला ती पटायला लागते. मलाही पटली. पन्नाशी उलटल्यावर मी रीतसर गाणं शिकायला गेले.

आमच्या भागात एक निवृत्त संगीतशिक्षक राहतात. मूळचे पुण्याकडचे, नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सगळे त्यांना सर म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझं एक पद डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "सूर आहे. ताल आहे. पण भाव नाही."

मी पडले दुकानदार बाई. म्हटलं, "कायचा भाव सर? शेवंतीचा आज भल्ला चढा हाये."

सरांनी पेटी बंद केली. मग म्हणाले, "सुनंदाबाई, कृष्ण मथुरेला निघालाय. गोपींचा जीव कासावीस झालाय. आणि तुमचं गाणं ऐकून वाटतं, कृष्ण बाजारात गेलाय, येताना कोथिंबीर आणेल."

सहा महिने गेले. सूर सुधारला, ताना यायला लागल्या, पण कृष्णाची कोथिंबीर काही सुटेना. अशात अमरावतीला विरहगीतांची स्पर्धा निघाली. भजनी मंडळातल्या बायकांसाठीच होती. सरांनी माझं नाव दिलं, आणि स्पर्धेला महिना राहिला तेव्हा मला समोर बसवून युक्ती सांगितली.

"तुमच्या फार जवळचं कोणीतरी, जे आता तुमच्याजवळ नाही, ते डोळ्यांसमोर आणायचं आणि गायचं. कोण ते मला सांगू नका. कोणालाच सांगू नका. सांगितलं की भाव सांडतो."

आता आली का पंचाईत? जवळचं, पण जवळ नाही, असं आणायचं कोण? वडील गेले तेव्हा मी दीड वर्षाची. आई अकोटला आहे, ब्याऐंशी वर्षांची, रोज फोन करून माझ्याशी भांडते. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून त्यांना डोळ्यांसमोर आणून पाहिलं, तर माझा आवाजच खाली आला. राहिले मधुकरराव. पण ते कुठे जातच नाहीत. मी डोळे मिटून त्यांना मोठ्या कष्टानं मथुरेला पाठवावं, आणि ते आतल्या खोलीतून विचारणार, "सुनंदे, माहा चष्मा पाह्यला का वं?"

असे पंधरा दिवस वाया गेले. एक दिवस दुपारी दुकानासमोर बसून मी पद गुणगुणत होते आणि माझी नजर कडुलिंबाखालच्या मोकळ्या जागेवर गेली. तिथे आमचा टेम्पो उभा राहायचा.

तुम्ही हसू नका. तीनचाकी टेम्पो होता, मान्य. पण बावीस वर्षं त्यानं आमची फुलं वाहिली. लग्नसराईत झेंडूची पोती त्याच्या डोक्यापर्यंत रचायची मी. प्रीतीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तर दवाखान्यात मला त्यानंच नेलं, मोगऱ्याच्या टोपल्यांच्या मधे बसवून. शेवटी शेवटी म्हातारा झाला होता, खोकायचा, चढावर थांबायचा. पण बंद कधी पडला नाही. दिवाळीआधी मी अकोटला भाचीच्या साखरपुड्याला गेले, तेवढ्या दोन दिवसांत मधुकररावांनी तो भंगारात देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. आले तर झाडाखाली नुसता तेलाचा डाग.

त्या डागाकडे बघत मी पदाची पहिली ओळ म्हटली आणि काय झालं मलाच कळलं नाही. डोळ्यांत पाणी. समोरच्या किराणा दुकानातला माणूस वजन करायचा थांबला. संध्याकाळी सरांपुढे तेच पद म्हटलं, तर सरांनी चष्मा काढून पुसला.

"कोण ते विचारत नाही," सर म्हणाले. "पण फार मोठा माणूस असणार."

मी मान हलवली. माणूस नव्हता एवढंच बोलले नाही. भाव सांडला असता ना.

स्पर्धेच्या दिवशी मी आणि मधुकरराव सकाळच्या बसनं अमरावतीला पोचलो. सरांना ताप होता, म्हणून ते आले नाहीत. सभागृह मोठं, वर पंखे, समोर पाहुणे, आणि खुर्च्या भरलेल्या. माझा नंबर सतरावा. सातवी बाई गायला बसली तेव्हा मधुकरराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अजून लय टाइम हाये. अमरावतीले आलो अन् गिला वडा नाई खाल्ला तं काय उपयोग? तुह्यासाठी बी आनतो."

ते गेले. इकडे काय झालं, नवव्या आणि दहाव्या नंबरच्या बाया एकाच गावच्या होत्या, त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली होती. तेराव्या बाईचा घसा बसला. पंधरावी आणि सोळावी जेवायला गेल्या त्या आल्याच नाहीत. अर्ध्या तासात माझं नाव पुकारलं.

मी बसले. डोळे मिटले. कडुलिंबाचं झाड, तेलाचा डाग. आणि गायले.

स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण त्या दिवशी मी गायले ते मी परत गाऊ शकणार नाही. शेवटच्या ओळीला तर मला हुंदकाच आला. डोळे उघडले तर समोरच्या रांगेतल्या बाया डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. टाळ्या नाहीत. सगळं चिडीचूप.

सूत्रसंचालक एक तरुण प्राध्यापक होता. तो माईक घेऊन माझ्याजवळ आला, खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे नुसतं गाणं नव्हतं. कोणाची तरी आठवण होती ना?"

मी मान हलवली. आता गाणं झालंच होतं, भाव सांडला तरी चालणार होतं.

"किती वर्षांची साथ होती?"

"बावीस वर्षांची."

"कधी गेले?"

आता इथे माझी चूक बघा. माईकवर बोलायचं म्हणून मी शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. हा माणूस आमच्या टेम्पोला अहोजाहो करतोय हे माझ्या लक्षात आलं, पण मला त्यात काही खटकलं नाही. उलट बरं वाटलं. एवढा मान त्याला घरात कधी कोणी दिला नव्हता. मग मीही मान दिला.

"दिवाळीच्या आधी गेले."

"आजारी होते?"

"शेवटी शेवटी खोकायचे फार. चढावर दम लागायचा. पण पहाटे पाचला माझ्या आधी तयार. कितीही ओझं टाका, कधी कुरकुर नाही."

सभागृहात कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला.

"शेवटच्या क्षणी तुम्ही जवळ होता?"

"नाही ना," मी म्हटलं, आणि मला परत रडू फुटलं. "मी माहेरी गेले होते. घरच्यांनी परस्पर नेलं. मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. आले तर जागा रिकामी."

त्या बिचाऱ्या प्राध्यापकानं रुमाल काढून डोळे पुसले. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मी सभागृहाला विनंती करतो. ताईंच्या यजमानांना श्रद्धांजली म्हणून आपण सर्वांनी एक मिनिट उभं राहावं."

यजमानांना?

मी तोंड उघडलं. पण माईक त्यानं नेला होता आणि खुर्च्यांचा खडखड आवाज करत सगळे उठले होते. पाहुणे उठले. परीक्षक उठले. मागची पेटीवाली बाई उठली. माना खाली. आता तुम्हीच सांगा, एवढ्या लोकांच्या शांततेत मी काय ओरडून सांगू? यजमान नव्हे हो, टेम्पो?

आणि तेवढ्यात मागच्या दारातून मधुकरराव आत आले. दोन हातांत दोन प्लेटा. सगळे उभे पाहून ते दारातच थांबले. शेजारच्या माणसाला त्यांनी खुणेनं काहीतरी विचारलं, त्यानं कानात सांगितलं. मधुकररावांचा चेहरा पडला. त्यांनी दोन्ही प्लेटा सावकाश खुर्चीवर ठेवल्या, टोपी काढली, हात जोडले आणि डोळे मिटून स्वतःला श्रद्धांजली वाहिली.

सगळ्यांनी मिनिट संपवलं, तरी हे आणखी थोडा वेळ उभे होते.

नंतर पाहुण्यांनी मला शाल दिली. परीक्षकबाईंनी मिठी मारली. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, थोडी लाज होती आणि थोडी ती शाल होती. मी खाली मान घालून पायऱ्या उतरले.

मधुकरराव दाराशी प्लेट घेऊन उभे. शाल मी पिशवीत कोंबली होती.

"कोन गेलं मालूम हाये का?" ते म्हणाले. "बाजूचा मानूस सांगे, कोन्या गानाऱ्या बाईचा नवरा गेला. लय वाईट झालं बिचारीचं. घरच्यांनी म्हने तिले विचारलं बी नाई अन् नेलं. कशे लोक असतात पाय."

"हो ना," मी म्हटलं.

"तुहा नंबर कधी हाये?"

"झाला."

"झाला? अन् मी हुकलो?"

"हुकलात."

"बरं. त्या बाईले भेटून घेऊ. दोन शब्द बोलाव लागते अशा टायमाले."

मी त्यांचा हात धरून त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. फाटकाशी एक म्हातारी मला पाहून थांबली. तिनं मधुकररावांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बहिणीले जप रे बापू. आता तुयाशिवाय कोन हाये तिले?"

"हो आत्याबाई," मधुकरराव म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर मला विचारतात, "हे बुढी कोन व्हय? अन् तू माही बहीन कधीपासून झाली?"

बस मिळाली. मी खिडकीशी बसले आणि स्पर्धेसाठी बंद ठेवलेला फोन सुरू केला. मधुकररावांचा फोन घरीच चार्जिंगला राहिला होता, नाहीतर सगळं तिथेच मिटलं असतं.

मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी त्या एका मिनिटाचं चित्रण टाकलं होतं. गाणं नाही, बोलणं नाही. फक्त मी स्टेजवर रडतेय आणि सभागृह उभं आहे, एवढंच. खाली एकानं विचारलं होतं, काय झालं? दुसऱ्यानं लिहिलं होतं, सुनंदाताईंचे यजमान गेले म्हणून सांगतात. आता अकोल्याच्या लोकांनी मधुकररावांना सकाळी बसमध्ये चढताना धडधाकट पाहिलेलं. म्हणजे गेले ते अमरावतीतच गेले, आणि बायको स्पर्धेत गात असतानाच गेले, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं. त्याच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती. ज्या भावासाठी मी सहा महिने झुरले, तो आला तो असा.

मी घाईनं मंडळाच्या शोभाताईंना फोन लावला. म्हटलं, "शोभाताई, ऐका, असं काही नाही..."

"बोलू नको माय," त्या पलीकडून रडत म्हणाल्या. "तू काईच बोलू नको. आमी सगळ्या हाओत." आणि फोन ठेवला. परत लावला तर लागेना. त्या बहुतेक आणखी लोकांना कळवत होत्या.

तेवढ्यात प्रीतीचा फोन आला. आवाज अगदी खुशीत.

"आई, आज हारांची लय ऑर्डर येऊन राहिली. सगळ्यांले मोठे पांढरे हार पायजेत. आपल्या भागात कोनी मोठा मानूस गेला वाटते. कोन गेलं विचारलं तं म्हनतात, 'आता ते काय सांगाव पोरी?' अन् सगळे माही तारीफ करून राहिले. 'धीराची पोरगी हाये, अशा दिवशी बी दुकान उघडं ठेवलं.' तुमी दोघं कधी येता ते बी विचारत होते. मी सांगतलं, निघाले असतीन अमरावतीवरून, सहापर्यंत पोचतात."

मी काही बोलायच्या आत मधुकररावांनी फोन घेतला.

"शेवंती कमी पडली तं निशिगंध लाव," ते म्हणाले. "गुलाब भरू नको, मयताचा हार हाये, साधा पायजे. अन् गाठ पक्की मार, गर्दीत खेचाखेची होते. कोन व्हय गेलेला? मालूम नाई? असो. कोनी का असेना, हार चांगला झाला पायजे."

फोन परत देताना म्हणाले, "एकटीनं सांभाळलं पोरीनं. मले आता काई काळजी नाई."

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी खोकल्यापासून शालीपर्यंत. ते ऐकत राहिले. माझं सांगून झाल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजे मी उभा राह्यलो तो माह्यासाठी?"

"हो."

"अन् तू रडली ते?"

"टेम्पोसाठी."

"टेम्पोसाठी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर कपाशीकडे बघत बसले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मी तं त्या बाईसाठी देवाजवळ बोललो बी. म्हंतलं, तिचं चांगलं कर."

मी प्रीतीला फोन लावला आणि खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मंग या हारांचं काय करू?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. घरासमोर सतरंज्या अंथरलेल्या. प्रीतीनं सगळ्यांना खरं सांगून पाहिलं होतं, पण पोरीला धक्का बसलाय म्हणून कोणी ऐकलंच नव्हतं. पुरुष बाहेर, बाया आत. मी आधी उतरले, आणि मंडळाच्या बाया अशा काही धावून आल्या की मी त्यांच्या पदरांत दिसेनाशी झाले. शोभाताईंनी मला छातीशी असं दाबलं की 'ते जिवंत आहेत' हे माझे शब्द त्यांच्या खांद्यातच राहिले. मागे मधुकरराव पिशव्या उतरवत होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नाही. सगळ्यांच्या नजरा ऑटोच्या मागे रस्त्यावर, मयताची गाडी कधी येते म्हणून.

मधुकरराव पिशव्या घेऊन आले आणि सतरंजीच्या कडेला बसले. समोरचे रामभाऊ उभे राहून बोलत होते. पंचवीस वर्षांचे शेजारी, आणि त्यातली दहा वर्षं नाल्याच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद. रामभाऊ डोळे मिटून म्हणत होते, "भांडन झालं आमचं, पन चूक माही होती. मधुकर स्वभावानं..." तिथे त्यांनी डोळे उघडले आणि त्यांना स्वभाव दिसला.

कोणी किंचाळलं नाही. हार घेऊन आलेल्या एकानं तो पाठीमागे लपवला.

"बोला नं रामभाऊ," मधुकरराव म्हणाले. "स्वभावानं कसा होता मी?"

रामभाऊ खालीच बसले.

"नाल्याचं बी परत एक डाव सांगा," मधुकरराव म्हणाले. "चार लोक ऐकून राहिले तोवर."

मग जो गोंधळ उठला तो काय सांगावा. कोणी हसतंय, कोणी रडतंय, कोणी मला रागावतंय, कोणी चहा टाकतंय. मधुकररावांनी त्या हार लपवणाऱ्याला बोलावून हार मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि प्रीतीला म्हणाले, "गाठ ढिली हाये वं." स्वतःच्या अंत्ययात्रेच्या हारात खोट काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एवढ्यात चिखलदऱ्याहून माझी नणंद आली. वच्छलाबाई. तिकडे त्यांचं चहाकॉफीचं दुकान आहे. फोन ऐकल्याबरोबर दुकान तसंच टाकून जीप करून निघालेल्या. गल्लीत पाय ठेवताच त्यांनी असा हंबरडा फोडला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आणि भाऊ समोर बशीत चहा ओतून पितोय. त्या आल्या, भावाच्या गालाला हात लावून पाहिला, आणि मग त्याच गालावर एक ठेवून दिली.

"सगळा घाट रडत उतरली मी," त्या म्हणाल्या. "काहून केलं असं?"

मधुकररावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग मला भर सभेत सांगावंच लागलं. आजवर मी इतक्या लोकांपुढे बोलले नव्हते. मी टेम्पो म्हटलं तेव्हा बायांच्या बाजूनं कुजबुज झाली आणि पुरुषांच्या बाजूनं हसू.

वच्छलाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या भावाच्या नावानं डोयात पानी नाई आलं तुह्या, अन् भंगाराच्या नावानं आलं?"

मागे दाराशी सर उभे होते. अंगात ताप, गळ्याला मफलर. तेवढे एकटेच खूश दिसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते चित्रण मी पाहिलं. तुमचा चेहरा पाहिला. सुनंदाबाई, काहीही असो, जमलं तुम्हाला." मी पायच धरले त्यांचे. म्हटलं, "सर, तुमी आता घरी जाऊन झोपा."

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला फोन करून आयोजकांना खरं सांगितलं आणि शाल परत पाठवते म्हटलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "शाल राहू द्या ताई. पण आम्ही एक मिनिट उभे राहिलो त्याचं काय करायचं? ते तर परत घेता येत नाही." स्पर्धेतून माझं नाव काढलं, ते योग्यच झालं. पण माणूस भला. पुढच्या वर्षी या म्हणाले. फक्त एक अट, येताना यजमानांना सोबत आणायचं आणि पहिल्या रांगेत बसवायचं.

मधुकरराव मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते आपले नेहमीसारखे हार करत बसायचे, आणि मधेच सुईत दोरा ओवताना म्हणायचे, "मी गेल्यावर तुले रडाले टेम्पो आठवाव लागंल. त्याचा फोटो काढून ठेवाले पायजे होता."

खरं सांगू, मी प्रयत्न केला. रियाजाला बसून त्यांनाच डोळ्यांसमोर आणायचे. पण जिवंत माणसाचा विरह काढायचा म्हणजे अवघड असतं हो. तो मधेच जेवायला वाढ म्हणतो.

वर्ष गेलं. यंदा आम्ही परत अमरावतीला गेलो. मधुकररावांनी नवीन सदरा घातला होता. गिला वडा आधीच खाऊन घेतला. आयोजकांनी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. सूत्रसंचालक तोच प्राध्यापक. माझं नाव पुकारल्यावर तो म्हणाला, "रसिकहो, गाणं सुरू होण्याआधी एक सूचना. ताईंचे यजमान समोर बसलेले आहेत. सुखरूप आहेत. कोणीही उभं राहू नये." मधुकरराव उठले, चारी दिशांना नमस्कार केला आणि बसले. सभागृह हसलं. मीही हसले. म्हटलं, आता काय आपलं गाणं होणार.

मी सुरू केलं. डोळे मिटायची भीती वाटत होती म्हणून उघडेच ठेवले. समोर मधुकरराव. आपण जिवंत आहोत हे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून ते पाठ ताठ करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. डोळेसुद्धा मिटत नव्हते. स्टेजचा थोडा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि मला एकदम दिसलं की या माणसाचे केस सगळे पांढरे झालेत. सदऱ्याचा गळा मोठा होतोय. हे कधी झालं? रोज शेजारी बसून हार करतो आम्ही, मग मला कसं दिसलं नाही? आणि मनात आलं, ही खुर्ची एक दिवस खरंच रिकामी असणार आहे.

झालं. त्यापुढे मला काही आवरलं नाही. सूर कुठे गेला, ताल कुठे गेला, मी त्यांच्याकडे बघून गात होते आणि धाय मोकलून रडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्यासाठी रडले, तेही विरहाच्या पदात, अगदी सर सांगत होते तसं.

आणि सगळं सभागृह खो खो हसत होतं. लोक खुर्च्यांना धरून हसत होते. एक परीक्षक तर कागदानं तोंड झाकून बसले होते. मी जितकी रडायची तितका हशा वाढायचा, आणि मधुकरराव आपले घाईघाईनं मागे वळून लोकांना हात दाखवायचे, की मी आहे, मी आहे.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सोबत परीक्षकांचा शेरा होता. तो मधुकररावांनी दुकानात, गल्ल्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवलाय. जाताना वाचून जा. लिहिलंय, 'गाणं साधारण. विनोदाची जाण उत्तम.'